पुलावर अंथरलेली घोंगडी

एका पत्राचे उत्तर अकरा वर्षे राहून गेले होते. पत्र भागुबाईने पाठवले होते आणि उत्तर द्यायचे होते सखीदादने. ते पत्र घडी घालून माझ्या किनारीच्या दुमडीत ठेवलेले असे. माणसाला खिशातल्या किल्लीची सवय होते, तशी मला त्याची झाली होती. रेंगाळलेल्या कामाला आपल्याकडे लोक भिजत घोंगडे म्हणतात. एरवी मी त्याचे वाईट वाटून घेतले नाही, पण या पत्राच्या बाबतीत ते बोलणे मला फार लागे.

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड, दोन ठिकाणी भोके पडलेली आणि एका कोपऱ्याला जळालेली. माझ्यासारखीने गोष्ट सांगायला बसावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मला नीट क्रम लावता येत नाही. उन्हाचे सांगता सांगता मध्येच बर्फ आठवतो. शिवाय मी जे पाहिले ते जमिनीवर पसरून, नाहीतर कुणाच्या खांद्यावरून. त्यामुळे मोठ्या लोकांच्या मोठ्या गोष्टी मला समजल्या असतीलच असे नाही. तरी सांगते. चुकले तर समजून घ्या.

माझा जन्म परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या पुढच्या एका लहानशा गावात झाला. रायभान धनगर आणि त्याची बायको भागुबाई यांचा मेंढरांचा मोठा कळप होता. कोकराच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात. ती सगळ्यात मऊ. भागुबाईने ती जपून ठेवली, पिंजली, कळपामागे चालता चालता टकळीवर कातली. मग सणगराच्या मागावर मी विणली गेले. चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात ताणून वाळवले. शेवटी भागुबाईने माझ्या कडेने पांढऱ्या लोकरीची किनार घातली. तिचा एक टाका सरळ पडे आणि एक तिरपा.

रायभान हसून म्हणाला, "तुजी किनार म्हंजी मेंढराची चाल. सरळ म्हणून जायाची न्हाई."

भागुबाई म्हणाली, "मंग हरवली तरी वळकू येईल. तुमच्यावानी धा जणांत मिसळून जायाची न्हाई ती."

पांघरूण होणे एवढेच माझे काम नव्हते. रायभानच्या भावकीत कुणाचे भांडण झाले की घोंगडी अंथरायची रीत होती. दोन्ही बाजूंनी तिच्यावर बसायचे. पायातले आणि हातातले, म्हणजे वहाण आणि काठी, बाहेर काढून ठेवायची. ज्याचे नुकसान झाले त्याने आधी बोलायचे. मिटल्याशिवाय कुणी उठायचे नाही. ज्याने घोंगडी अंथरली त्याने मात्र बसायचे नाही, बाजूला उभे राहायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घोंगडीवर बसून खोटे बोलायचे नाही. विहिरीच्या पाळ्या, कोकरांच्या वाटण्या, सोयरिकीतले रुसवे, असे किती तरी माझ्यावर बसून मिटले. मला त्याचा थोडा अभिमानही होता. आता वाटते, तो मी जरा जास्तच बाळगत होते.

परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचे कॉलेज आहे. तिथे शिकायला अफगाणिस्तानातून एक मुलगा आला होता. हाच सखीदाद. उंच, गोरा आणि लाजाळू. त्याच्या घरीही मेंढ्या होत्या, म्हणून मेंढरांचे रोग समजून घ्यायला तो सुट्टीत रायभानकडे येऊन राही. पहिल्या दिवशी त्याने साखरेचा खडा दातात धरला आणि वरून चहा प्यायला सुरुवात केली. भागुबाई बघतच राहिली.

"आरं, साखर काय सुपारी हाय का, दाताखाली धरायला?"

"आमच्याकडे असाच पितात, माय," तो म्हणाला. 'माय' हा त्याने आमच्या गावात शिकलेला पहिला शब्द. त्या दिवसापासून भागुबाई त्याला सखाराम म्हणू लागली.

मग एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. मराठवाड्यातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचे ठरले आणि त्यावरून आपल्याच मुलखात आगी लागल्या. आमच्या गावच्या बौद्धवाड्यातली तीन घरे जळाली. त्यातले एक दगडाबाई नावाच्या विधवेचे. घर गेले आणि वर गावाने त्या वाड्याला दुकान बंद केले, पिठाची गिरणी बंद केली. सखीदाद तेव्हा आमच्याकडेच होता.  तिसऱ्या दिवशी रायभानने मला खांद्यावर टाकले आणि गावचे मोठे जमीनदार व्यंकटराव यांच्या बांधावर नेऊन अंथरले.

व्यंकटराव म्हणाले, "रायभान, हे तुमच्या धनगरांचं खूळ हितं कशाला? आन तुजं काय जळालं?"

"माजं काई न्हाई जळालं, मालक. पर सुगी झाली की तुमी माजी मेंढरं रानात बसवताव. लेंडीखत पायजे म्हणून. तर यंदा ह्या घोंगडीवर जो बसणार न्हाई, त्येच्या रानात माजी मेंढरं बसणार न्हाईत."

"दमदाटी करायलास का?"

"न्हाई जी. मेंढरं भेदरल्यात, येवढंच सांगायलोय."

मी तिथे रिकामी पडून होते. माणसे लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती. शेवटी दगडाबाई आली, वहाणा काढून बसली. बऱ्याच वेळाने व्यंकटरावही बसले. दगडाबाई आधी बोलली. ती ओरडली नाही. "माजं जातं आगीत फुटलंय, मालक. गिरणीवाला पायली हातात घेत न्हाई. ज्वारी हाय माज्याकडं, पर लेकरं काय दाणं चावतील का?" मग तिने विचारले, "आग कुणी लावली?" व्यंकटराव खाली बघत राहिले. ते खोटे बोलले नाहीत. ते फक्त बोलले नाहीत.

मित्रांनो, त्या दिवशी न्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी गिरणीत दगडाबाईची ज्वारी दळली गेली आणि तिच्या छपराला व्यंकटरावांच्या रानातली लाकडे आली. सखीदादने हे सगळे पाहिले. परत येताना त्याने विचारले, "काका, माणसं बसलीच नसती तर?"

रायभान म्हणाला, "तर आपण हुबं ऱ्हायचं. मोकळी घोंगडी बगून माणसाला लय येळ दम निगत न्हाई, बाबा."

पुढच्या वर्षी सखीदादचे शिक्षण संपले. निघताना भागुबाईने मला त्याच्या हातात ठेवले. "तुमच्याकडं थंडी लय असती म्हणं. घे." अशा रीतीने मी परदेशी गेले. मला कुणी विचारले असते तर मी नको म्हटले असते. मी भित्री होते.

त्याचे गाव गझनी प्रांतातल्या एका दरीत होते. मधून नदी, तिच्यावर लाकडी पूल, दोन्ही काठांवर मातीची घरे आणि जर्दाळूची झाडे. आम्ही पोहोचलो त्याच हिवाळ्यात परकी फौज त्या देशात शिरली. त्यानंतर मी जे पाहिले ते सगळे तुम्हाला सांगणार नाही. वरून विमाने येत, वाटेत सुरुंग पेरलेले असत. परक्यांशी लढायला तरुण डोंगरात गेले. पण लढता लढता त्यांच्यात टोळ्या पडल्या. नदीच्या या काठावर शाहवलीची टोळी आणि त्या काठावर जमरकची. दोघेही नमाज पढत, दोघेही देवाचे नाव घेत आणि एकमेकांवर गोळ्या झाडत. जमरक तर आणखी पुढे गेला. त्याची माणसे दारांवर चिठ्ठ्या लावू लागली. शाळेत मुलींना बसवू नका. परक्यांचे औषध घेऊ नका.

गावात युनूस मास्तर होते. त्यांनी ती चिठ्ठी वर्गात वाचून दाखवली, तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मुलांना काढायला लावल्या आणि पुढचा धडा घेतला. आठवड्याने शाळा पेटली. सखीदादने मला ओली करून आगीवर झोडपले. माझा कोपरा तेव्हाचा जळालेला. थोडी पुस्तके आगीतून वाचली. मास्तर मात्र त्यानंतर वाटेत मारले गेले. त्यांना घरी आणताना अंगावर घालायला माझ्याशिवाय काही नव्हते. त्यांची बायको गुलालाई दारात उभी होती. तिने माझी घडी घालून मला परत दिले. एवढेच मला आठवते, आणि तेवढे पुरेसे आहे.

भागुबाईचे पत्र आले ते यानंतर. काबूलमार्गे, कुणा कुणाच्या हातातून, वर्षभर फिरून आले होते. लिहिले होते उमाजीने. उमाजी हा रायभानचा चुलतभाऊ, निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेला. त्यामुळे पत्राची लिपी उर्दू होती, पण बोलणे सगळे भागुबाईचे.

"लेकरा सखाराम, तिकडं लढाई चाललीय असं उमाजी रेडिओवर ऐकत्यात. तू कसा हायेस तेवढं कळव. लांबलचक लिवू नको. माय, मी खुशाल हाय, येवढंच लिव. आन पोस्टानंच धाड, कुणाच्या हाती निरोप देऊ नको. हितल्या बाया मला चिडवत्यात, तुजा पठाण इसरला म्हणून. पोस्टमन माज्या दारात आलेला त्येंला बगू दे. घोंगडी फाटली असंल तर सांग. किनार म्या परत घालून देईन."

सखीदादने मला अंथरले, वर बसला आणि गुडघ्यावर कागद घेतला. त्याच्या घरात माझ्याशिवाय दुसरे बसायला नव्हते. त्याने लिहिले, 'माय, मी'. मग थांबला. त्याने माझ्यावरून हात फिरवला. घोंगडीवर बसून खोटे बोलायचे नाही, हे त्याला ठाऊक होते. आणि खरे लिहिले असते तर भागुबाईने अन्न सोडले असते. त्याने कागद बाजूला ठेवला. मला वाटले, उद्या लिहील. असे कितीतरी उद्या गेले. पुढे एकदा गोळ्यांच्या माऱ्यात मी त्याच्या पाठीवर होते. मला दोन भोके पडली, तो थोडक्यात वाचला. त्यानंतर तर घोंगडीची खबर लिहिणेही अवघड झाले.

अखेर परकी फौज निघून गेली. लोकांना वाटले, आता सुटलो. पण टोळ्यांच्या हातातल्या बंदुका काही गेल्या नाहीत. आणि त्यानंतरच्या वसंतात दरीत मेंढ्यांना देवीचा रोग आला. मेंढी ओठांना फोड येऊन खाणे सोडी आणि चार दिवसांत पडे. मित्रांनो, तिथे मेंढी म्हणजे दूध, कपडा, लग्नाचा आहेर, सगळेच. सखीदाद पाच दिवसांचा रस्ता तुडवून लस घेऊन आला. ती बर्फाच्या पेटीत होती. पेटीचे झाकण तडकलेले होते, म्हणून त्याने ती माझ्यात गुंडाळली होती. रायभान उन्हाळ्यात पाण्याची घागर अशीच माझ्यात गुंडाळून ठेवी. लोकर ऊब धरते तशी गारवाही धरते. बर्फ वितळला की लस वाया, आणि पुन्हा आणेपर्यंत दरीत मेंढी उरणार नव्हती.

आम्ही पुलाच्या मध्यावर आलो आणि दोन्ही बाजूंनी बंदुका वर झाल्या.

पलीकडून जमरकची माणसे ओरडली, "मागे फिर! परक्यांचं औषध या काठावर येणार नाही!"

मागून शाहवली ओरडला, "सखीदाद, आधी आमच्या मेंढ्या. ते घेऊन पलीकडे गेलास तर परत येऊ नकोस!"

 मी सखीदादच्या छातीशी होते, मला त्याचे काळीज ऐकू येत होते.  मग त्याने पेटी खाली ठेवली, मला तिच्यावरून काढले आणि पुलाच्या फळ्यांवर अंथरले. आपण बाजूला उभा राहिला.

दुपारचे ऊन होते. उघडी पेटी उन्हात होती. थोड्याच वेळात तिच्यातून पहिला थेंब पडला आणि फळ्यांच्या फटीतून नदीत गेला. मग दुसरा.

सखीदाद म्हणाला, "ज्याला बोलायचं त्यानं इथं बसून बोलावं. पायातलं आणि हातातलं बाहेर ठेवून. मिटेपर्यंत मी घोंगडी उचलणार नाही. आणि घोंगडी उचलल्याशिवाय बर्फ झाकता येणार नाही."

कुणी हलले नाही. दोन्ही काठांवर मेंढपाळ माणसे जमली होती. त्यांच्यातला एक म्हातारा पाण्याचे थेंब बघून म्हणाला, "अरे, वितळतंय ते!" मला बांधावरचा दिवस आठवला. मी पुन्हा रिकामी पडले होते. मनात म्हटले, माझ्यासारख्या फाटकीवर इथे कोण बसणार?

पलीकडून गुलालाई आली. मास्तरांची विधवा. तिने सपाता काढल्या आणि माझ्यावर येऊन बसली. माझा जो भाग मास्तरांच्या अंगावर होता, त्यावरच तिचा हात पडला. तिने तो उचलला नाही.

मग शाहवली आला. सखीदादने त्याच्या बंदुकीकडे बोट दाखवले. "हातातलं बाहेर."

"ही कुठली रीत?"

"माझ्या माय आणि काकाची. हिंदुस्थानातली."

"हिंदुस्थानातली रीत आमच्या पुलावर?"

गुलालाई बसल्या जागेवरून म्हणाली, "आणि ही तुझी बंदूक कुठली रे? ही काय तुझ्या आईनं विणली?"

दोन्ही काठांवर हसू फुटले. मी सांगते, त्या पुलावर वर्षानुवर्षांत कुणी हसले नव्हते. शाहवलीने बंदूक कठड्याला टेकवली आणि बसला. तो बसलेला बघून जमरकला उभे राहणे जड गेले. त्यानेही बूट काढले. त्याच्या मोज्याला भोक होते आणि अंगठा बाहेर आला होता. गुलालाईने ते पाहिले. "घरी शिवणारं कुणी नाही वाटतं," ती म्हणाली. त्याने पाय झग्याखाली घेतला.

ज्याचे नुकसान झाले त्याने आधी बोलायचे. सखीदाद गुलालाईकडे वळला. तिचे काय गेले आणि कुणामुळे गेले हे सर्वांना ठाऊक होते.

ती म्हणाली, "माझा माणूस गेला. त्याचा हिशेब मी आज मागत नाही. माफही केलेला नाही. तो वर देवापाशी मागेन. आज मेंढीचं बोलते. जमरक, तुझ्या आईची दुभती मेंढी काल सकाळी गेली."

जमरकने मान वर केली. "कोणती? कानावर पांढरा ठिपका असलेली?"

"तीच. तू डोंगरात असतोस, तुला कोण सांगणार? तिचं कोकरू माझ्या मेंढीला पितंय. तुझ्या आईनं काल स्वतः आणून सोडलं. आता माझी मेंढी गेली की तेही जाईल. तू म्हणतोस औषध परक्यांचं. बरं, कोकराला विचारून येऊ का?"

 पेटीतून आता थेंब नाही, धार लागली होती. सखीदाद पेटीकडे बघत होता, पण त्याने घाई केली नाही. रायभानही कधी करत नसे.

शाहवली म्हणाला, "ठीक आहे. पण सुरुवात आमच्या काठापासून."

"का म्हणून?" जमरक म्हणाला. आणि त्याला स्वतःलाच कळले की आपण औषध नको म्हणणे सोडून पाळीवर भांडू लागलो आहोत. गुलालाईला ते त्याच्या आधी कळले होते.

"काठ कुठलाच नाही," ती म्हणाली. "ज्याची एकच मेंढी उरलीय, त्याची आधी. मग दोनवाल्याची. मेंढ्या इथं पुलावर आणायच्या. तुम्ही कुणी कुणाच्या काठावर जाऊ नका, म्हणजे तुमची इज्जत राहील."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही, पण दोघांनीही मान हलवली. सखीदादने मला झडप घालून उचलले. पेटीत मुठीएवढा बर्फ उरला होता. त्याने मला नदीत बुडवून पिळले आणि पेटीभोवती गच्च गुंडाळले. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी माणसे मेंढ्या उचलून पुलावर येत राहिली. काहींनी तर त्या बाळासारख्या कडेवर घेतल्या होत्या. ऊन उतरले तेव्हा पेटीत फक्त पाणी होते आणि लसही संपली होती. पुढच्या वेळी जमरकच्याच माणसांनी पेटी वाटेतून सांभाळून आणली.

लढाई संपली का? नाही. काबूलकडे तर ती आणखी भडकली. पण आमच्या पुलावर दर वसंतात मला अंथरत. मग एका हिवाळ्यात गुलालाईने आपल्या मेंढ्यांच्या गोठ्यात शाळा सुरू केली. आगीतून वाचलेली ती पुस्तके आणि अंथरायला मी. माझ्यावर मुलगे बसत आणि मुलीही बसत. जमरक त्या वाटेने जाताना गोठ्याकडे न बघता समोरच्या डोंगराकडे बघत जाई. त्याने चूक कबूल केली असे मी म्हणत नाही. पण तो डोंगराकडे बघे.

सखीदाद त्या दिवसांत कधी कधी भागुबाईचे पत्र काढून वाची. टपाल केव्हाच बंद पडले होते. मग चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, लस तयार करायचे शिक्षण घेण्यासाठी त्याला भारतात पाठवले गेले. गुलालाईने मला त्याच्यासोबत दिले. "जिची आहे तिला एकदा दाखवून आण. पण परत आण. मुलं थंड जमिनीवर बसतील." दिल्लीहून परभणीच्या गाडीत त्याने मला बाकावर अंथरले, मांडी घातली आणि निळ्या आंतर्देशीय पत्रावर, विसरत आलेल्या मराठीत लिहिले. मी अक्षरे वाचू शकत नाही, पण या वेळी हात थांबला नाही.

परभणीच्या बसस्थानकावर पोलिसांचा बंदोबस्त होता. त्यांच्या हातातल्या बंदुका बघून सखीदाद जागीच उभा राहिला. त्याची बोटे माझ्यात रुतली. तिथे सरजाबाई नावाची एक म्हातारी टोपलीत बोरे घेऊन बसली होती.

"भेताव कामून, भाऊ?" ती म्हणाली. "परवा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. म्हणून उभे हायेत ते. आवंदा कुटं काई झालं न्हाई आमच्याकडं." मग तिने माझ्याकडे पाहिले आणि बोरे मोजता मोजता थांबली. "आन ही घोंगडी कुटं घावली तुमाला? ही किनार तर आमच्या गावच्या भागुबाईची! असा वाकडा टाका दुसरं कुणी घालत न्हाई."

सखीदादने विचारले, "भागुबाई... आहे?"

"हाय तर! दात गेले, पर जीब तशीच. परवा दगडाबाईनं नावाचे पेढे वाटले गावात. व्यंकटरावाच्या दारात बी गेली. तवा भागुबाई तिच्यासंगं हुती. रायभान तेवढा न्हाई ऱ्हायला. दोन दिवाळ्या झाल्या त्येला."

सखीदादने मला स्थानकाच्या फरशीवर अंथरले आणि बसला. त्याने आपले निळे पत्र उघडून पुन्हा वाचले. मला कळले, तो काय बघत होता. लिहिलेले अजून खरे आहे का. मग त्याने हळू आवाजात, स्वतःशीच ते म्हटले आणि तेव्हा मला ते समजले. "माय, मी खुशाल आहे. घोंगडी फाटली आहे, पण तिच्यावर माणसं बसतात." खाली त्याने एक ओळ वाढवली. "काका गेल्याचं आत्ता कळलं. रीत त्यांचीच चालते." आणि पत्र चिकटवले.

मित्रांनो, मला उपदेश करायचा संकोच वाटतो. मी काही भांडण थांबवले नाही. मी फक्त अंथरलेली होते. पण तुमच्या घरात एखादे जुने घोंगडे असेल तर ते फेकू नका. वाळवी लागू देऊ नका, उन्हात टाका, भोक पडले तर रफू करा. आणि कधी दोन माणसे बोलेनाशी झाली, तर ते मध्ये अंथरून बघा. लगेच कुणी बसणार नाही. तुम्ही बाजूला उभे राहा. आणि कुणी तुमची खुशाली विचारली असेल, तर त्या माणसाला उत्तरासाठी फार ताटकळत ठेवू नका. रायभानला मला पुन्हा पाहायचे होते की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

सखीदाद पत्र घेऊन लाल पेटीकडे निघाला तेव्हा सरजाबाई ओरडली, "आवो भाऊ, जिंतूरची गाडी लागली की! सांजच्याला तुमी तिच्या म्होरं हुबे ऱ्हाताल. पत्र दोन दिवसांनी यील. कशाला टाकताव?"

"पोस्टमन दारात यायला पाहिजे," सखीदाद म्हणाला. "बायांनी बघायला पाहिजे."

सरजाबाई बोळक्या तोंडाने हसली. "मंग टाका, टाका! म्या बी येते बगायला त्या दिशी."

मी त्याच्या खांद्यावर होते. त्याने पत्र पेटीच्या तोंडात धरले, क्षणभर थांबला आणि सोडून दिले. आत ते इतर पत्रांवर पडल्याचा हलका आवाज मी ऐकला.